कडी होती, कुलूप समजलो

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत 64 फ्लॅट. मेंटेनन्सचा सगळा हिशेब आमच्या जुन्या खजिनदारांच्या एक्सेल फाइलीत. मार्चअखेर ते अचानक गेले आणि खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, ऑडिटर थकबाकीची यादी मागत होता, आणि फाइल उघडायची खरी, पण एक आकडा बदलू देत नव्हती. शीट प्रोटेक्टेड. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला. काकूंना विचारायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच परत फिरलो. नवरा जाऊन तीन महिने झालेल्या बाईला पासवर्ड काय विचारायचा?

मग केलं ते सगळेच करतात. गूगलवर शोधलं. 'एक्सेल पासवर्ड काढा, मोफत' असं लिहिलेली साइट सापडली. फाइल चढवली. हिरवी पट्टी सरकत शंभरावर पोचली आणि खाली आलं: पासवर्ड सापडला. पहिलं अक्षर दिसत होतं, पुढे सगळे तारे. पूर्ण पाहण्यासाठी 499 रुपये. (ते पहिलं अक्षरही थापच होती, हे नंतर कळलं.) पैसे भरले. दहा मिनिटांत फोन आला. माणूस शुद्ध मराठीत, 'सर, सर' करत बोलत होता. म्हणाला, तुमच्या फाइलला दुहेरी एन्क्रिप्शन आहे, आमच्या तज्ज्ञाला तुमची स्क्रीन बघावी लागेल. तसलं अ‍ॅप आधी कॉम्प्युटरवर घातलं, मग 'व्हेरिफिकेशनसाठी' मोबाइलवरही. थोड्या वेळाने म्हणाला, काम होत नाहीये, 499 परत करतो, नेटबँकिंग उघडा.

तीस वर्षं कंपनीच्या अकाउंट्समध्ये काढलेला माणूस मी. पैसे परत घ्यायला आपला पासवर्ड टाकावा लागत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. मी टाकला. ओटीपीचे मेसेज मोबाइलच्या स्क्रीनवर त्याला आयते दिसत होते. दोन खेपांत 48,700 रुपये गेले.

त्यानंतरचे तीन तास मी नुसता बसून होतो. लाज वाटत होती. मुलाला काय सांगायचं, कमिटीला काय सांगायचं. शेवटी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. तोवर पैसे तीन खात्यांतून पुढे सरकले होते, 9,500 तेवढे एका खात्यात गोठवता आले. बँकेने रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं: पासवर्ड ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. त्यावर वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा हे ऐकून म्हणाला, "काका, आधी मला हाक मारायची ना." फाइलीची एक प्रत केली, नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स खोडून झिप लिहिलं, आतल्या शीटच्या मजकुरातून 'शीटप्रोटेक्शन' नावाचा एक तुकडा उडवला, नाव परत पूर्ववत केलं. चार मिनिटं. फाइल मोकळी. शीटचं प्रोटेक्शन हे सुरक्षेसाठी नाहीच, चुकून कुणी सूत्र पुसू नये एवढ्यासाठी आहे, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. ती कडी, वारा आला तर दार उघडू नये म्हणून लावलेली. मी तिला कुलूप समजलो आणि किल्लीवाल्याला घरात घेतलं.

कुलूप वेगळं असतं. फाइल उघडतानाच पासवर्ड मागत असेल, तर आतला सगळा मजकूर खरोखर एन्क्रिप्ट झालेला असतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदललेला. एक्सेल 2010 पासून तर प्रत्येक अंदाज तपासायला कॉम्प्युटरला तीच आकडेमोड एक लाख वेळा फिरवावी लागते. चांगला लांब पासवर्ड असला तर तो दोन मिनिटांत काढून देतो म्हणणारा सरळ थाप मारतोय; मायक्रोसॉफ्टही विसरलेला पासवर्ड काढून देत नाही. म्हणजे कडी असेल तर पैसे मोजायची गरज नाही, आणि कुलूप असेल तर मोजून बहुधा उपयोग नाही.

माझे पैसे गेले ते गेले. पण जी फाइल मी त्या साइटवर चढवली, तिच्या दुसऱ्या शीटवर 64 घरांचे मोबाइल नंबर, ईमेल आणि काहींचे पॅन नंबर होते. पुढच्याच आठवड्यात ए विंगमधल्या दोघांना 'सोसायटीचा मेंटेनन्स जास्त भरलाय, रिफंड घ्या' असे फोन आले. एक आजोबा लिंक दाबणारच होते, सुनेने फोन काढून घेतला.

नोटीस बोर्डावर सूचना मीच लावली. खाली खजिनदार म्हणून सहीही माझीच. सभेत पहिला प्रश्न तोच आला, आमचे नंबर बाहेर गेले कसे. थकबाकीचा विषय निघेपर्यंत साडेदहा वाजले.