‘वुड यू माइंड’ आणि मंडळी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेकीकडे इंग्लंडात, रेडिंगला आले तेव्हा तिने वहीत वीसेक वाक्यं लिहून दिली. काही मागायचं, विचारायचं, देऊ करायचं असलं की वापरायची. आठ महिने रोज वापरतेय.

आधी मी बेकरीत ‘गिव मी वन ब्रेड’ म्हणायचे. मनात सरळ ‘एक ब्रेड द्या’ असायचं. पण आपल्या ‘द्या’मध्येच मान असतो, ‘गिव’ला ती सोय नाही. मागे प्लीज लावलं तरी हुकूम तो हुकूमच. त्याऐवजी ‘कॅन आय हॅव अ लोफ, प्लीज’ हे पहिल्या दिवसापासून चाललं. बेकरी, बस, केमिस्ट, कुठेही. वहीतलं सर्वांत टिकाऊ वाक्य.

‘वुड यू माइंड’ने मात्र तोंडघशी पाडलं. शेजारच्या आजोबांना पन्हळ साफ करायची होती. कुंपणावरून म्हणाले, ‘वुड यू माइंड इफ आय लेफ्ट माय लॅडर हिअर?’ मी हौसेने ‘यस, यस!’ बिचारे सॉरी म्हणत शिडी घेऊन परत गेले. संध्याकाळी लेकीने कपाळावर हात मारला. त्यांनी ‘हरकत आहे का’ असं विचारलं होतं, आणि मी ‘आहे’ म्हणून दोनदा ठणकावलं होतं! आता ‘नॉट अ‍ॅट ऑल’ तोंडपाठ आहे.

शिडी अजून ठेवायचीच आहे, मग ‘लेफ्ट’ कशाला? ‘आय वॉज वंडरिंग’मध्येही तोच भूतकाळ. मला ती चूकच वाटायची. मग एकदा फोनवर मीच म्हणाले, ‘वहिनी, जरा एक काम होतं.’ काम तर अजून व्हायचंच होतं! क्रियापद एक पाऊल मागे घेतलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते, हे आपण कधीपासून करतोय. त्या दिवसानंतर घोकंपट्टी बंद.

या वाक्यांना तारे द्यायचे तर एक तारा मी कापते तो अतिवापरासाठी. नातवाला ‘कुड यू पॉसिबली पिक अप युअर शूज’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘आजी, चिडलीस का?’ बरोबर आहे त्याचं. त्याची आई लहानपणी ऐकत नसली की मीही ‘आपण जेवायला येताय ना?’ असंच विचारायचे.

देऊ करायचं सोपं आहे. पिशवी उचलू का, तर ‘शॅल आय कॅरी दॅट?’ पाहुण्यांना ‘डू यू वॉन्ट’ नको, ‘वुड यू लाइक सम टी?’ तिथे ‘एनी’ऐवजी ‘सम’, म्हणजे हो येणार असं धरूनच विचारायचं.

खरी गोची घेताना होते. शेजारच्या आजींनी चहा विचारला, मी सवयीने ‘नो, नो’. आपल्याकडे पहिला नकार कुणी मोजत नाही. त्यांनी मोजला. स्वतःचा कप भरला आणि माझ्यासमोर बसून निवांत प्यायल्या. मी कोरडी घरी आले. आता पहिल्या फटक्यात ‘यस, प्लीज’.

त्या आमच्याकडे आल्या की मात्र मी चिवडा तीनदा विचारतेच. दोनदा ‘आय अ‍ॅम फाइन, थँक्स’ होतं, तिसऱ्यांदा घेतात. गेल्या आठवड्यात त्यांनी पहिल्याच विचारण्याला वाटी पुढे केली.