बीबी खदीजांची मराठी पुस्तिका

दारव्ह्याच्या बाजारात अत्तर-टोप्यांच्या दुकानात पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या पहिल्या पत्नी बीबी खदीजा यांच्यावरची ही छोटी पुस्तिका दिसली. साठ रुपये. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालं. उर्दू ऐकून कळते, वाचता येत नाही. म्हणून लगेच घेतली.

गावातलं आमचं किराणा दुकान सात वर्षांपासून मीच पाहते, त्यामुळे बीबी खदीजांच्या व्यापाराचा भाग मला सगळ्यात जास्त भिडला. मक्केहून त्या शामकडे (म्हणजे सीरियाच्या मुलखाकडे) तांड्याबरोबर माल पाठवायच्या आणि नेणाऱ्याला नफ्यात वाटा द्यायच्या. हजरत मुहम्मद (स.) यांना त्यांनी असंच काम दिलं, सोबत आपला नोकर मैसरा पाठवला. तांडा परतला तेव्हा नफा तर हातात होताच, माणूस कसा आहे ते मैसरानं सांगितलं. मग मैत्रीण नफीसाकरवी लग्नाचा विषय बीबींनीच काढला. इ.स. 595 च्या सुमाराची गोष्ट. परंपरा सांगते, त्या 40 च्या, ते 25 चे. एवढं सगळं दीड पानात उरकलंय! इथं लिहिणाऱ्यानं हात आखडायला नको होता.

610 चा प्रसंग मात्र जीव लावून लिहिलाय. हिरा गुहेत अल्लाहचा पहिला संदेश उतरला, तिथून पैगंबर थरथरत घरी आले, मला पांघरूण घाला म्हणाले. बीबींनी पांघरलं. तुम्ही नाती जपता, दुबळ्याचं ओझं उचलता, पाहुण्याला जेवू घालता, अल्लाह तुम्हाला कधी खाली पाहायला लावणार नाही, असा धीर दिला. सगळ्यात आधी विश्वास ठेवला तो त्यांनी. पुढं मक्केच्या कुरैश टोळीनं पैगंबरांच्या बनू हाशिम कुळाशी खरेदी-विक्रीच बंद केली. भाचा हकीम बीबींसाठी गहू नेत होता, तर त्यालाही पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू जहलनं वाटेत अडवलं. जिच्या मालाचे तांडे शामपर्यंत जायचे, तिच्यापर्यंत गहू पोचू देईनात. हे वाचताना गिऱ्हाईक समोर उभं होतं, मला तराजू दिसेना.

तक्रारी दोन. अरबी शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. आणि आठ दिवसांत पानं सुटली; पोती शिवायच्या दाभणानं मी ती टाचली.

रात्री अम्मीला वाचून दाखवते. 619 मध्ये बीबी गेल्या, त्यानंतरही घरी बकरी कापली की पैगंबर त्यांच्या मैत्रिणींकडे मटण पाठवायचे, इथं अम्मीनं मला थांबवलं. सकाळी उठून तिनं तुरीची डाळ बांधायला लावली, तिच्या गेलेल्या मैत्रिणीच्या सुनेसाठी.