मृगावर लावू की दसऱ्यापर्यंत थांबू?

पहिल्यांदाच घरी भाजी लावणार असाल आणि जागा गच्चीची किंवा बाल्कनीची असेल, तर जूनमध्ये घाई करू नका, दसऱ्यापर्यंत थांबा. अंगण असेल, मांडव घालायची सोय असेल आणि त्यातून घर कोकणात असेल, तर मात्र मृग चुकवू नका. दोन्ही सल्ले मी मनापासून देते. निवड ठरते ती तुम्हाला कोणती भाजी खायची आहे आणि पाणी मुळाशी किती वेळ तुंबून राहतं यावर.

मृग लागतं ७-८ जूनच्या सुमारास आणि मुंबईत मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला पोचतो. हे दिवस वेलांचे. काकडी, दोडका, पडवळ, कारलं, दुधी, लाल भोपळा यांना ऊब आणि ओल दोन्ही हवी असते, आणि वेल एकदा मांडवावर चढला की पाऊस त्याचं फारसं बिघडवू शकत नाही. कोकणात बी मृगाआधीच्या रोहिणी नक्षत्रातच आळ्यात टोचून ठेवलेलं बरं, कारण पावसाने धार धरली की माती वाफशावर, म्हणजे पेरणीजोगी भुसभुशीत ओलसर, येतच नाही. आळं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. एवढं सांभाळलं तर श्रावणात काकडी आणि गणपतीत दोडका घरचा मिळतो, तोही जवळजवळ पाणी न घालता. हे सुख दुसऱ्या कुठल्याच हंगामात नाही.

पालेभाजीचं मात्र याच दिवसांत हाल होतं. मेथी-कोथिंबीर उगवते छान, पण माती सतत ओली राहिली की बुरशीने देठ जमिनीलगत कुजतो आणि रोपं एका रात्रीत कोलमडतात. आभाळ दाटलेलं असल्याने ऊन कमी, त्यामुळे वाढ लांबट आणि कमजोर. कुंडीतलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, पानं पिवळी पडतात. अळू, माठ आणि अंबाडी लावा, ती तग धरतात. पुण्यासारख्या ठिकाणी पाऊस वर्षाला ७०० मिमीच्या आसपास, कोकणात २५०० मिमीहून जास्त. म्हणून देशावर जूनमध्ये मिरची-वांग्याची रोपं टाकून जुलैत पुनर्लागण करता येते. कोकणात हीच रोपं आडोशाला ठेवावी लागतात.

आता दसऱ्याकडे. मुंबईतून पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरला परततो. जमीन तेव्हा ओलसर आणि उबदार असते. नवरात्रात घटाखालच्या मातीत धान्य किती जोमाने उगवतं ते आपण दरवर्षी पाहतोच. चित्रा नक्षत्र लागलं, म्हणजे साधारण १० ऑक्टोबर उलटला, की मेथी, पालक, मुळा पेरायला हरकत नाही. मेथी २५-३० दिवसांत काढणीला येते, मुळा दीड महिन्यात. नवख्या माणसाला इतक्या लवकर हाती काही लागणं फार महत्त्वाचं असतं, नाहीतर उमेद टिकत नाही. सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. दर पंधरवड्याला थोडं थोडं टाकलं की फेब्रुवारीपर्यंत भाजी चालू राहते. कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा.

दोन अडचणी आहेत. परतीचा पाऊस एका तासात वाफा झोडपून बारीक बी उघडं पाडतो, म्हणून पहिले काही दिवस वर शेडनेट असू द्या. दुसरी अडचण ऑक्टोबरच्या उन्हाची. मटार आणि गाजरासाठी नोव्हेंबरची वाट पाहा, मटारची फुलं उष्णतेने गळतात. टोमॅटोचं तसंच, पण तो रोपापासून करायचा असल्याने बी सप्टेंबरमध्येच आडोशाला टाकावं. २५-३० दिवसांचं रोप लावलं की फुलं थंडीत येतात आणि फळ चांगलं धरतं. फ्लॉवरसाठी मुंबईची थंडी अपुरी पडते. नाशिक-पुण्याकडच्यांनी जरूर लावावा, किनाऱ्यावरच्यांनी ती जागा पालक-मुळ्याला द्यावी.

तिसरा हंगाम उन्हाळी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावायचा. भेंडी, गवार, काकडी. जानेवारीत माती गार असेल तर भेंडीचं बी रुसून बसतं, ते रात्रभर भिजवा आणि थंडी ओसरल्यावरच पेरा. पांढऱ्या माशीमुळे भेंडीवर केवडा येतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने केवड्याला प्रतिकारक म्हणून ‘परभणी क्रांती’ हे वाण काढलं, बी घेताना त्याची चौकशी करा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे पेरणी जितकी लवकर तितकं बरं.

ग्रो बॅगला एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. सुट्टीत गावाला जाणार असाल आणि मागे पाणी घालणारं कोणी नसेल, तर हा हंगाम सोडून द्या. माती पातळ थरात पसरून उन्हात तापू द्या, बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) कमी होतात. पावसाआधी तिच्यात शेणखत मिसळून कुंड्या पुन्हा भरता येतात.