धावण्याचं घड्याळ, पाच महिन्यांनंतर: कडाक्याच्या थंडीत मनगटावरच्या ठोक्यांवर विसंबू नका

गेल्या आठवड्यात घड्याळ सर्व्हिस सेंटरमधून परत आलं. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: तपासणीत कोणताही दोष आढळला नाही. ती वाचून इतका संताप आला की हे लिहायलाच बसले. स्क्रीन, वजन, जीपीएस यांबद्दल सगळ्यांनी भरपूर लिहिलंय आणि त्यात माझी काही तक्रार नाही. मला बोलायचंय ते फक्त हृदयाच्या ठोक्यांबद्दल, कारण त्या एका आकड्याने माझा अर्धा हिवाळा आणि जेवणाचं गणित दोन्ही बिघडवलं.

थंडी सुरू होण्याआधी सगळं छान चाललं होतं. पारा शून्याखाली गेला त्या पहिल्याच सकाळी मी आरामात ८ किलोमीटर धावत होते. दम लागला नव्हता, शेजारी कुणी असतं तर गप्पा मारता आल्या असत्या. घड्याळात ठोके दिसत होते १७६. घाबरून थांबले, मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजले, तर आले ३५. म्हणजे मिनिटाला १४०. घरी येऊन ॲपमध्ये ठोक्यांचा आणि पावलांचा आलेख एकाखाली एक लावला. पावलं मिनिटाला १७४. दोन्ही रेषा इतक्या एकसारख्या चढत-उतरत होत्या की एकीवर दुसरी ठेवली तर वेगळी ओळखू येणार नाही. घड्याळ माझं हृदय मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं.

कारण समजायला अवघड नाही. मागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तात किती शोषला जातो, त्यावरून ठोका ओळखला जातो. थंडीत शरीर आतली ऊब राखायला हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. तिथे रक्तच कमी पोचलं, की ठोक्याचा संकेत क्षीण होतो आणि हाताच्या लयबद्ध हेलकाव्याचा संकेत त्याच्यावर मात करतो. मग सॉफ्टवेअर त्यालाच ठोका समजतं.

आता मुख्य नुकसान. कॅलरीचा हिशोब याच ठोक्यांवरून होतो. सपाट रस्त्यावर धावताना किलोमीटरला साधारण वजनाच्या किलोइतक्या कॅलरी लागतात. माझं वजन ६८, म्हणजे ८ किलोमीटरला ५४०-५५०. घड्याळ दाखवायचं ७८०. थंडीतून आल्यावर भूक खवळलेलीच असते, त्यात हा आकडा समोर, मग हात आखडता कशाला घ्यायचा? मी रोज त्या आकड्याच्या भरवशावर वरून खात गेले, तेही बहुतेक गोडच. दीड महिन्यात सव्वा किलो वजन वाढलं. आठवड्यातून पाच दिवस अंधारात उठून, बर्फावरून जपून पावलं टाकत धावणाऱ्या माणसाचं वजन वाढलं की धावण्यावरचाच विश्वास उडतो. डिसेंबरमध्ये मी जवळजवळ सोडूनच देणार होते.

सर्व्हिस सेंटरला आलेख पाठवले, मानेवर मोजलेले आकडे पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडे रीडिंग बरोबर येतंय." येणारच! उबदार खोलीत, टेबलाशी बसून तपासलं तर येणारच. बाहेर थंडीत धावून बघा, असं मी तीनदा लिहिलं. त्याचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही आणि घड्याळ तीन आठवडे त्यांच्याकडेच पडून राहिलं.

मात्र त्या तीन आठवड्यांत माझं मत बदललं. वाटलं होतं, घड्याळ नाही म्हणजे धावणं बंद. प्रत्यक्षात पंधरापैकी तेरा दिवस धावले. रात्रीच सगळे कपडे हीटरजवळच्या खुर्चीवर काढून ठेवायचे आणि अंथरुणातून उठल्या उठल्या गरम मोजे चढवायचे, एवढंच ठरवलं होतं. मोजे चढले की परत पांघरुणात शिरावंसं वाटत नाही. परतल्यावरच्या भुकेसाठी रविवारी भाज्या आणि कडधान्यांचं मोठं पातेलंभर सूप करून ठेवायला लागले. आल्या आल्या एक वाडगा गरम केला की बिस्किटांच्या डब्याची आठवण होत नाही. आणि त्या सूपने पाणीही पोटात जातं, कारण थंडीत तहान फारशी जाणवत नाही.

घड्याळ परत आल्यावर छातीचा पट्टा घेतला. एवढं महाग घड्याळ घेऊन वर आणखी खर्च करायचा, हे मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. पण पट्टा हृदयाचा विद्युत संकेत मोजतो, त्याला मनगट गार पडल्याने फरक पडत नाही. कोमट पाण्याने त्याची पट्टी आधी ओली करा. कोरडी ठेवलीत तर पहिली पाच-दहा मिनिटं आकडे भरकटतात. आता तोच ८ किलोमीटरचा रस्ता, तोच वेग, ठोके १४१.

पट्टा घ्यायचा नसेल तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट आणि बाहीखाली बांधा, आणि घरातच दहा मिनिटं अंग गरम करून निघा. त्याने बराच फरक पडतो, पण उणे दहाच्या खाली तेही पुरत नाही. बाहीखाली ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे बॅटरी. एकदा उघड्यावर ३८ टक्क्यांवरून घड्याळ अचानक बंद पडलं आणि घरात ऊब मिळताच २९ टक्के दाखवत सुरू झालं. बाहेरून आल्यावर गारठलेलं घड्याळ लगेच चार्जिंगला लावू नका, लिथियम बॅटरीला ते मानवत नाही.

एक गोष्ट मनापासून आवडली: टच नसलेली पाच बटणं. जाड हातमोज्यांतूनही ती नीट दाबता येतात. आणि पहाटेचा थरथरणारा गजर घरात दुसऱ्या कुणालाही न उठवता मला उठवतो.

डिसेंबरमध्ये दोन तारे दिले होते, आज तीन करते आहे. चौथा तेव्हाच देईन, जेव्हा कंपनी माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहील की कडाक्याच्या थंडीत मनगटावरचं रीडिंग चुकू शकतं आणि त्यावरून निघालेल्या कॅलरीही.