इतवारीतलं जडीबुटीचं दुकान आणि माझं सायनस

डिसेंबरच्या थंडीत सर्दी झाली ती गालात जाऊन बसली. चपला घालायला वाकलं की कपाळात ठणका. नागपूरच्या इतवारीतल्या एका जुन्या जडीबुटीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं काही न विचारता 380 रुपयांचा 'सायनस स्पेशल' डबा पुढे केला. त्यावर घटकच छापलेले नाहीत! परत दिला.

मग आतून काका उठले. "ताप आहे का जी? शुगर?" शुगर आहे म्हटल्यावर सर्दी-खोकल्याच्या सितोपलादी चूर्णाची बरणी परत फळीवर गेली. त्याच्या 31 भागांत 16 भाग खडीसाखरच असते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी सुंठ, मिरे, पिंपळी समान मापानं घेऊन समोर कुटली, म्हणजे त्रिकटू. पिंपळी मोडून जिभेवर ठेवायला लावली: आधी गोडसर, मग नाकापर्यंत झिणझिण्या.

"साध्या पाण्याची वाफ घ्या. 10 दिवसांत उतरलं नाही किंवा डोळ्याभोवती सूज आली, तर सरळ डॉक्टरकडे."

सहाव्या दिवशी डोकं हलकं झालं. श्रेय त्रिकटूचं की वाफेचं, देव जाणे; असं सायनस बहुतेकदा आपोआपच उतरतं. छातीत जळजळ मात्र नक्की त्रिकटूचीच. पुडीवर तारीख नाही, ऑनलाइन पैसे चालत नाहीत. काका असतील तेव्हाच जा.