मोटारसायकलचा टायर : दुकानात बदलावा की घरी?

नाशिकहून कसारा घाटात किंवा पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्याने टायर दुकानात बदलावा की घरी, हे मजुरीपेक्षा टायरच्या प्रकारावरून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

ट्यूबच्या टायरचे काम घरी निश्चित जमते. हवा पूर्ण काढून टायरची एक कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली, की समोरची कड टायर लिव्हरने (टायर उचकटायच्या चपट्या पट्टीने) फारसा जोर न लावता बाहेर येते. मात्र नुसते बळ लावणाऱ्याच्या लिव्हरखाली ट्यूब चिमटते आणि नवी ट्यूब बसवतानाच पंक्चर होते. हे काम हाताला बसले, की आडरानात पंक्चर झाल्यावर त्याचा खरा उपयोग कळतो.

ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाक असेल, तर मी दुकानच सुचवेन. टायरची कड रिमवर घट्ट बसण्यासाठी हवेचा एकदम मोठा झोत लागतो, जो पायपंपाने सहसा मिळत नाही. शिवाय यंत्रावर चाकाचे बॅलन्सिंगही, म्हणजे चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल करण्याचे कामही होते.

दुकानातही लक्ष ठेवावेच लागते. टायरवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, हे पाहावे. उत्पादनाचा चार अंकी आकडाही वाचावा : ‘2324’ म्हणजे 2024 मधील 23वा आठवडा.

चाक घरी उतरवून फक्त तेच दुकानात नेणे, हा मार्ग मला सर्वांत पटतो. कारण मागचे चाक बसवताना चेनचा ताण आणि ब्रेक आपल्या हाताने तपासला जातो.