अकरा महिने, सतरा हजार किलोमीटर आणि न वापरलेले पाच स्टार

गाडीचा अनुभव लिहिणारे बहुतेक जण मायलेजपासून सुरुवात करतात. मी गाडी मायलेज बघून घेतली नाही, क्रॅश टेस्ट बघून घेतली. त्यामुळे पंचाईत अशी की ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती अकरा महिन्यांत एकदाही वापरायची वेळ आली नाही, आणि येऊ नये म्हणून रोज किल्ली फिरवताना मी गणपतीला हात जोडतो. मग अनुभव लिहायचा कशाचा?

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला नाशिकमध्ये टाटाची नेक्सॉन घेतली. १.२ टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर. भारत एनकॅपचा, म्हणजे गाड्या आपटून त्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या सरकारी चाचणीचा, निकाल त्याच ऑक्टोबरात आला होता, आणि मी तो इतक्यांदा वाचला होता की बायको म्हणाली, गाडी घेताय की दहावीचा निकाल बघताय. बाकीचं दोन ओळींत उरकतो. शहरात बारा-तेराचं ॲव्हरेज, हायवेला सतराच्या आसपास. २०८ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समुळे आमच्या गल्लीतले गतिरोधक आता गाडीला खालून घासत नाहीत. डिकी ३८२ लिटरची, आईच्या पापड-कुरडयांच्या डब्यांसकट भरते. झालं.

आता मार्कांकडे. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी २९.४१, मुलांसाठी ४९ पैकी ४३.८३. पाच स्टारसाठी अनुक्रमे २७ आणि ४१ लागतात. मोठ्यांच्या गुणांची फोड केली तर समोरच्या धडकेत १६ पैकी १४.६५ आणि बाजूच्या धडकेत १६ पैकी १४.७६. मुलांच्या गुणांत खरी गंमत आहे. धडकेत मुलांच्या जागी बसवलेल्या पुतळ्यांसाठी, म्हणजे डमींसाठी, २४ पैकी २२.८३, चाइल्ड सीट नीट बसते का याचे १२ पैकी १२, आणि मुलांसाठी गाडीत मुळात काय सोयी आहेत याचे १३ पैकी ९. हे तिन्ही आकडे बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की हे ४३.८३ गुण चाइल्ड सीटमध्ये बसलेल्या डमींचे आहेत. आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीची सीट म्हणजे आजीची मांडी. त्या मांडीला किती गुण, ते कुठेच छापलेलं नव्हतं.

दाजींकडे २०१९ सालची नेक्सॉन आहे. मी निकाल दाखवला की ते हसतात, "त्यात काय, माझीपण फाइव्ह स्टारच आहे." तेही खोटं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या ब्रिटनमधल्या संस्थेने नेक्सॉनला पाच स्टार दिले, आणि भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला त्यांच्याकडून पाच स्टार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला चार मिळाले होते. पण ते पाच स्टार मोठ्यांचे, १७ पैकी १६.०६. मुलांसाठी तेव्हा ४९ पैकी २५ म्हणजे तीन स्टार होते, आणि हे शोरूमच्या फलकावर कोण लिहिणार! शिवाय तेव्हा गुण फक्त समोरच्या धडकेचे असत, बाजूची धडक नुसती पास-नापास. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने नियम कडक केले आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), खांबावरची बाजूची धडक, पादचाऱ्यांची सुरक्षा हे सगळं हिशोबात आणलं. नव्या नियमांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन पुन्हा परीक्षेला बसली आणि ३४ पैकी ३२.२२, मुलांचे ४९ पैकी ४४.५२ घेऊन आली. नाव एकच, स्टारही पाचच, पण परीक्षा वेगळ्या. जुनी अकरावी मॅट्रिक आणि आजची दहावी यांचे टक्के शेजारी ठेवण्यासारखंच ते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी स्टारच्या आधी साल बघावं. दाजींना मी एवढंच म्हणालो, तर ते दोन दिवस बोलले नाहीत.

याच्या उलट टोक म्हणजे ऑफिसमधला एक मित्र. तो दशांशात अडकला होता. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३ एक्सओला भारत एनकॅपमध्ये २९.३६ मिळाले, नेक्सॉनला २९.४१. स्कोडाची कायलॅक आली ती ३०.८८ घेऊन. तो बिचारा ०.०५ वर रात्री जागवत होता. अरे बाबा, नाशिकची एक, रांजणगावची एक, चाकणची एक. तिन्ही पाच स्टार, तिन्ही आपल्याच मातीतल्या, तुला सीट कुठली आवडते ती घे. त्या ०.०५ च्या फरकापेक्षा टायरमधली हवा महिन्याला बघितलीस तर जास्त फरक पडेल. त्याने शेवटी चौथीच घेतली, सनरूफ आवडलं म्हणून.

आणि तो पत्रा! आपल्याकडे गाडीची सुरक्षा अंगठ्याने मोजतात. बघायला आलेला प्रत्येक पाहुणा बॉनेट दाबून बघतो, दार आपटून 'धप्प' असा आवाज आला की मान डोलावतो. "पत्रा जाड आहे हो." मी पहिले दोन महिने समजावत होतो की जीव वाचवतो तो आतला सांगाडा, आणि समोरचा भाग चुरगळायलाच केलेला असतो. तो चुरगळताना धडकेचा जोर खातो आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहतो. आता समजावत नाही. फेब्रुवारीत मार्केट यार्डाबाहेर एका पिकअपने मागे घेता घेता माझ्या पुढच्या बंपरला टेकवलं. बंपर फाटला, एक क्लिप लोंबायला लागली. शेजारचे काका येऊन बघून म्हणाले, "गेले का पाच स्टार?" एअरबॅगही उघडली नाही म्हणून ते जास्तच निराश झाले. चालण्याच्या वेगाने लागलेल्या धक्क्यात एअरबॅग उघडू नये यासाठीच तर ती बनवलेली असते, पण काकांना कोण सांगणार.

टेस्टचा वेग ताशी ६४ किलोमीटर, हे मात्र मी स्वतःला सारखं सांगत राहतो. गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग चुरगळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या अडथळ्यावर आदळतो. म्हणजे साधारण तेवढ्याच वजनाची गाडी समोरून अर्धवट येऊन धडकली तर काय होईल, याचा तो अंदाज. समोर कसारा घाटातला लोखंडाच्या कॉइल भरलेला ट्रेलर असेल तर ही गुणपत्रिका लागू नाही. बाजूची टेस्ट ५० ला, खांबाची २९ ला. बहीण नागपूरला असते, त्यामुळे समृद्धीवर माझ्या चार फेऱ्या झाल्या. तिथे मर्यादा १२० ची. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६४ च्या तुलनेत १०० ला ती जवळपास अडीच पट होते, १२० ला साडेतीन पट. हा हिशोब मी शिर्डीच्या पुढे, एकसुरी रस्त्यावर झोप येऊ नये म्हणून तोंडी केला, आणि काटा आपोआप ९५ वर आला. बाबा म्हणाले, "एवढी फाइव्ह स्टार गाडी घेऊन बैलगाडीसारखी चालवतोयस." त्यांच्या डोक्यात स्टार म्हणजे वेगाचा परवाना. शोरूमबाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात हेच असावं, अशी मला शंका आहे.

आता आईची मांडी. या विषयावर घरात चार महिने गेले, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आईचं म्हणणं साधं होतं. "तुम्हा दोघांना मी मांडीवरच वाढवलं. एवढ्याशा पोरीला खुर्चीला बांधून न्यायचं, कैदी आहे का ती?" मी आधी कायदा काढला. मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. आई म्हणाली, पोलीस मला पकडणार? मग गणित काढलं. मुलीचं वजन १४ किलो. टेस्टमधल्या तीन वर्षांच्या डमीचंही जवळपास तेवढंच असतं. ताशी ५० च्या वेगातून गाडी दशांश सेकंदात थांबली तर तिला धरून ठेवायला साधारण २०० किलोचा जोर लागेल. आईने शांतपणे विचारलं, "२०० किलो म्हणजे गव्हाची किती पोती?" मी म्हणालो, पन्नास किलोची चार. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून "कैदी" हा शब्द बंद झाला.

ती स्वतः मागे बेल्ट लावायला मात्र तयार नव्हती. साडीला चुण्या पडतात, गळ्याला घासतो. मी पालघरजवळच्या सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघाताची आठवण काढली. ४ सप्टेंबर २०२२, उद्योगपती सायरस मिस्त्री त्यात गेले. महागडी गाडी, आणि मागच्या सीटवर बेल्ट लावलेले नव्हते. त्यानंतर नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही बेल्टची सक्ती केली, हे आईने टीव्हीवर पाहिलेलं होतं. "मोठ्या लोकांचं काय ते," एवढंच म्हणून तिने बेल्ट ओढला. खांद्यावरून गळ्याकडे जाणारा पट्टा पदराखालून घ्यायची युक्ती तिची तिनेच शोधली.

चाइल्ड सीट आयसोफिक्सवाली घेतली. मागच्या गादीच्या फटीत हात घातला की लोखंडी कड्या लागतात, त्यात सीटचे दोन दांडे 'खट्' करून बसतात. पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटं लागली, आता दोन लागतात. पाठीमागचा वरचा पट्टा लावायला विसरू नका. माझ्या ओळखीच्या तीन घरांत सीट आहे आणि तिन्ही ठिकाणी तो पट्टा वापरलेलाच नव्हता. मुलगी पहिले आठ दिवस रडली. नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की या उंचीवरून खिडकीतून म्हशी दिसतात. प्रश्न संपला.

सीट कव्हरचा किस्सा बायकोच्या नजरेमुळे टळला. गाडी आणली त्याच आठवड्यात एका ॲक्सेसरीजच्या दुकानात लेदरचं दिसणारं कव्हर घालायला गेलो. ते चढवताना बायकोला पुढच्या सीटच्या कडेला शिवलेली 'एअरबॅग' अशी पट्टी दिसली. बाजूची एअरबॅग तिथूनच फाडून बाहेर येते. दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळे घालतात." सगळे घालतात हे खरंच. सहा एअरबॅग म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे आणि त्यातल्या दोन एअरबॅग तीन हजारांच्या रेक्झिनमध्ये शिवून टाकायच्या. आम्ही कडेला शिवण मोकळी सोडलेलं कव्हर मागवलं. आधीच घातलं असेल तर आज खाली जाऊन कड चाचपून बघा. बंपरसमोर लोखंडी गार्ड बसवण्याचा त्याचा आग्रहही नाकारला. त्या गार्डवर सरकारी बंदी आहे हे त्याला माहीत होतं. "तरी चालतं."

डॅशबोर्डवरचा गणपती आईने पूजेच्या दिवशीच चिकटवला होता, नेमका डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर. पितळेचा, वजनदार. एअरबॅग उघडते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि तिच्यावर जे काही असेल ते समोरच्याच्या तोंडावर. हे सांगायचं कसं? शेवटी भटजींनाच विचारलं. ते म्हणाले, देव डोळ्यासमोर असावा, चिकटवलेलाच हवा असं नाही. आता बाप्पा खालच्या कप्प्यात रुमालावर बसलेत आणि निघताना झाकण उघडून दर्शन होतं.

बेल्टचा अलार्म हा घरातला रोजचा विनोद. पुढच्या सीटवर दहा किलो कांदे ठेवले तर कांद्यांनाही बेल्ट लावावा लागतो, नाहीतर गाडी टिंग-टिंग करत राहते. तो बंद करणाऱ्या नुसत्या क्लिपा मिळतात, बकलात खोचून द्यायच्या. ऑनलाइन दुकानांवर त्यांची विक्री थांबवण्याचे आदेश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये दिले, तरी मागच्या महिन्यात एका पाहुण्याने मला भेट म्हणून दिली. वर कंपनीचा लोगोही कोरलेला.

प्रत्यक्ष उपयोग झाला तो ज्याची जाहिरात होत नाही त्या गोष्टीचा. जुलैमध्ये त्र्यंबकहून परतताना झिमझिम पाऊस, रस्त्यावर डंपरने सांडलेला लाल चिखल, आणि झाडीतून गुरं आडवी आली. मी ब्रेक दाबून उजवीकडे घेतलं, गाडीची शेपटी निसटल्यासारखी वाटली आणि लगेच सावरली. मीटरमध्ये पिवळा दिवा दोनदा लुकलुकला. ते ईएसपी. पाच स्टारसाठी ते असावंच लागतं, पण त्याबद्दल एकाही पाहुण्याने कधी विचारलेलं नाही. मागच्या काचेखाली ठेवलेली पाण्याची स्टीलची बाटली मात्र उडून पुढच्या दोन सीटच्या मधून गिअरवर येऊन आदळली. वीत-दीड वीत इकडे असती तर माझं डोकं होतं. त्या दिवसापासून तिथे उशीसुद्धा ठेवत नाही.

एक अडचण सुटलेली नाही. चाइल्ड सीट लावली की मागच्या मधल्या बेल्टचं बकल तिच्या बुडाखाली दबतं. बोट घालून, नख मोडून ते काढावं लागतं, आणि मध्ये बसणाऱ्याला एक खांदा पुढे काढूनच बसावं लागतं. नाशिकमध्ये दहा मिनिटं चालतं. दिवाळीला नागपूरला आम्ही पाच जण जाणार, बाबांच्या गुडघ्यामुळे पुढची सीट त्यांची, म्हणजे मध्ये बायको आणि सहा-सात तास. ती म्हणते आईंना मधे बसवू या, त्या बारीक आहेत. आई म्हणते मी रेल्वेने येते. बाबा म्हणतात, मग पोरीला घे ना मांडीवर. तिकिटं अजून काढलेली नाहीत.